आधी कल, मग करवत

चकली कॉलनीत काटकोन शोधून सापडत नाही.

साताऱ्याबाहेरच्या चढावर ही घरं उभी राहिली ती बांधून नव्हे, पाडून. सोऱ्यातून चकली पाडतात तशी. माती, चुना आणि भाताचं तूस यांचा घट्ट गारा भरलेला एक अवाढव्य यांत्रिक सोऱ्या गोल गोल फिरत जायचा, वेढ्यावर वेढा चढायचा आणि बघता बघता घर तयार व्हायचं. काटकोनात वळताना यंत्राची लय मोडते, गोलाईत मोडत नाही. म्हणून भिंती गोल. वर जाताना वेढे जरा जरा आत घेतले तर छताला तुळई लागत नाही. म्हणून भिंती आत झुकलेल्या. घरं उन्हाळ्यात गार राहायची, भूकंपाला दाद द्यायची नाहीत. अडचण एकच होती. जगातलं सगळं फर्निचर अजून चौकोनी होतं.

त्यामुळे रविवारी सकाळी कॉलनीभर करवती चालायच्या. कुणी कपाटाची पाठ तासतोय, कुणी पलंगाचं डोकं गोल करतोय. ईशान्य कोपराच नसलेल्या घरात देवघर कुठे मांडायचं, यावर कॉलनीच्या सभेची एक अख्खी संध्याकाळ खर्ची पडली होती. शेवटी कोपरा नसला तरी दिशा आहे, असं ठरवून लोक जेवायला गेले.

पायरी १. पेटी आडवी ठेवावी व वरच्या बाजूने उघडावी.

मयुरेश काळसेकरने पेटी उभी ठेवली आणि खालच्या बाजूने उघडली.

"चष्मा," केतकी म्हणाली.

"चष्म्याचा काय संबंध? खोका उलटा छापलाय."

पेटीतून फळ्या सरकल्या आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यावर येऊन थांबल्या. केतकीने ओलं फडकं आणलं आणि प्रत्येक फळी दोन्ही बाजूंनी लख्ख पुसून भिंतीला टेकवली. घरात नवी वस्तू आली की आधी ओल्या फडक्याने पुसायची, ही तिच्या आईची सवय तिच्याकडे आली होती. फडक्यावर धूळ आली नाही तरी पुसायचं.

दोघंही निवृत्त. त्याचं आयुष्य रस्त्यांच्या मोजणीत गेलेलं, तिचं शाळाशाळांमधून दहावीच्या मुलांच्या कल चाचण्या घेण्यात. घरात जिन्याखाली एक जागा होती. तिला खोली म्हणता येईना; कोनाडा म्हणावं तर आत दोन माणसं मावत. डोक्यावरून जिन्याचं वळण उतरत होतं, मागची भिंत अंगावर झुकत होती, जमीन चंद्रकोरीसारखी निमुळती. पण त्या भिंतीत ताटाएवढी गोल खिडकी होती आणि तिच्यातून खालचा सगळा सातारा दिसायचा. घर पाहायला आले त्याच दिवशी केतकी त्या अडचणीत वाकून शिरली होती आणि म्हणाली होती, "इथे बसायचं."

म्हणून हे बाक. खाली कपाट, वर बैठक, दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या. पेटीत अर्थातच चौकोनी.

पण ही फळी साधी नव्हती. तिला कलफळी म्हणत. बांबूचे धागे दाबून केलेल्या तिच्या थरांमध्ये एका बुरशीचे तंतू निजलेले असतात. ओल लागली की ते जागे होतात. जिथे भार पडतो तिथे हे तंतू नवे थर चढवतात. जिथे पडत नाही तिथला माल काढून दुसरीकडे नेतात. आपलं हाडही हेच करतं. अंतराळात महिनोन्‌महिने राहून आलेल्या माणसाची हाडं विरळ होतात, कारण तिथे त्यांना काही पेलावंच लागत नाही. फरक एवढाच, की बुरशी फार सावकाश वाढते. भार आज आला आणि आधार पुढल्या महिन्यात, तर त्या आधाराचं करायचं काय? म्हणून कलफळी घडवणाऱ्यांनी तिला आणखी एक सवय लावली. भार किती, एवढंच ती बघत नाही. तो कुठल्या बाजूने बदलतोय ते बघते. काल थोडा होता, आज थोडा जास्त आहे, म्हणजे उद्या आणखी असणार, असं धरून ती उद्याचा आधार आजच उगवायला घेते.

पायरी २. फळीला आधी कल घेऊ द्यावा. मगच करवत लावावी.

"कल म्हणजे उतार," मयुरेश म्हणाला. "भिंत झुकलीये, तेवढा कल फळीला द्यायचा. ओळंबा सोडला की काम झालं."

"कल म्हणजे ओढा," केतकी म्हणाली. "मुलाला आधी नुसतं बसू द्यायचं, वावरू द्यायचं. मग कळतं त्याचा कल कुठे आहे. ही फळी आपली चाचणी घेणार. चार दिवस तिच्यावर बसू, उठू, मग काप."

"फळी कसली चाचणी घेतेय."

"अरे, 'कल द्यावा' असं नाही लिहिलेलं. 'घेऊ द्यावा' लिहिलंय."

"व्याकरणाने फर्निचर जोडता येत नाही गं."

आणि त्याने पायरी दोन वगळली.

पायरी ३. जागेप्रमाणे कापावे.

हे मात्र त्याने सुरेख केलं. फळी भिंतीशी उभी धरली. केतकीची एक जाड लाकडी बांगडी घेऊन तिच्या पोटात पेन्सिल टेकवली आणि बांगडी भिंतीला लावून वरपासून खालपर्यंत गडगडवत आणली. भिंतीचा प्रत्येक फुगवटा, प्रत्येक खळगा फळीवर जशाच्या तसा उतरला. त्या रेघेवर करवत चालवली, रंधा मारला, पटाशीने जिन्याच्या वळणासाठी खाच काढली. फळी जागेवर सरकवली तेव्हा ती भिंतीला अशी बिलगली की मधून केतकीने विणायची सुई घालून पाहिली, ती जाईना.

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही. चहा ठेवते."

दिवसभर तो जमिनीवर मांडी घालून स्क्रू पिळत होता. हातोडी राहिली म्हणून ऊठ. पाणसळ खाटेवर विसरली म्हणून ऊठ. उठताना उजवा तळवा उजव्या बाजूच्या फळीच्या कडेवर टेकवायचा आणि अंग वर ओढायचं. सकाळी हलकेच टेकवत होता. दुपारी जरा जोरात. संध्याकाळी कंबर अशी भरून आली की सगळा भार त्या तळव्यावर टाकून, कण्हत, तो उभा राहिला.

ओल्या फडक्याने जागी झालेली फळी हे सगळं बघत होती.

पायरी ५. आता आपण बसू शकता.

(पायरी चार बिजागऱ्यांविषयी होती. तिच्याबद्दल दोघं अजूनही एकमेकांशी बोलत नाहीत.)

आणि बसले की. सकाळचा चहा तिथे, दुपारची डुलकी तिथे, संध्याकाळी खाली शहरात दिवे लागताना शेंगदाण्याची वाटी मध्ये ठेवून तिथे. हळूहळू बैठकीत दोन उथळ खोलगट जागा तयार झाल्या. एक त्याच्या बेताची, एक तिच्या. केतकी चुकून त्याच्या जागी बसली तर चपलांचा जोड बदलल्यासारखं वाटायचं.

सुखाला एकच अट लागलेली होती. त्यांची मुलगी रेवा पुण्यात राहायची. आईवडिलांनी म्हातारपणी तीन मजली उभं घर घ्यावं, तेही चढावर, हे तिला मुळीच पटलं नव्हतं. बरीच वादावादी होऊन तह झाला होता. "राहा," ती म्हणाली होती. "पण तुमच्यापैकी एकालाही उठताबसता कशाचा आधार लागायला लागला, की त्याच दिवशी सामान बांधायचं. लपवायचं नाही. शब्द द्या." दोघांनी दिला होता. दोघांनाही खात्री होती की ती वेळ आली तर दुसऱ्यामुळे येईल.

पत्रकात नसलेली पायरी

*तो.* उजव्या फळीच्या कडेला एक उंचवटा आला. आधी सुपारीएवढा, मग लिंबाएवढा. मयुरेशला वाटलं, फळीतली गाठ असेल. रंध्याने काढून टाकली. पुढच्या रविवारी परत आली, जास्त गोल होऊन. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दिवसाचा जास्त वेळ इथे कोण बसतं? केतकी. म्हणजे तिचे गुडघे. म्हणजे फळीला कळलंय आणि तिला अजून नाही. तिला कळायच्या आत हे घालवायला हवं. केतकी रविवारी पोहायला जायची. ती गेली की तो बाह्या वर करून सगळं अंग रंध्यावर टाकायचा, भुसा केराच्या डब्यात तळाशी दडवायचा आणि वर कांद्याची सालं पसरायचा.

*ती.* केतकीने तो उंचवटा केव्हाच पाहिला होता. उठताना त्यावर हात टेकतो कोण? मयुरेश. बाक जोडलं त्या संध्याकाळी कण्हत उठला होता, तिने ऐकलं होतं. बिचाऱ्याला पत्ताही नाही. आणि फळी त्याला आधार देऊ बघतेय तर उंचवटा दर आठवड्याला झिजतो कसा? उपाशी असणार. कंपनीचं पत्रक ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी होती. 'पोषणासाठी पिष्टमय द्रव चालतो,' असं तिथे लिहिलेलं होतं. पिष्टमय द्रव म्हणजे पेज. तो बागेत पाणी घालायला गेला की ती कुकर लावण्याआधी तांदळाची थोडी पेज शिजवून घ्यायची, बोटांनी त्या उंचवट्यावर चोळायची आणि पदराने पुसून टाकायची.

*तो.* इतकं तासूनही वाढतंय म्हणजे दुखणं भलतंच वेगात आहे.

*ती.* इतकी पेज घालूनही झिजतंय म्हणजे तो किती भार टाकत असेल.

दोघंही त्या दिवसांत एकमेकांशी फार गोड वागत होते. आणि त्यातही एक होतं. तो उंचवटा हाताला छान लागायचा.

तक्रार असल्यास कळवावे

मयुरेशने कळवली. कंपनीच्या कऱ्हाडच्या प्रयोगशाळेतून डॉ. स्वानंदी नाडगौडा स्वतः आली. तिशी ओलांडलेली, खांद्याला पिशवी, बुरशीवर डॉक्टरेट. येण्याची वेळ त्याने मुद्दाम रविवारची ठरवली होती; पण केतकी त्या दिवशी टॉवेल विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली, तर बाकापुढे एक मुलगी वाकून बसलेली आणि नवरा रंधा पाठीमागे लपवतोय.

"हे काय?"

"रंधा," मयुरेश म्हणाला. पर्याय नव्हता.

"मला दिसतंय. तू तासतोयस ते?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी? अरे, मी त्याला पेज पाजतेय. तुझ्यासाठी."

स्वानंदीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पिशवीतून पेन्सिलीएवढं एक उपकरण काढलं. "काका, काकू, तुम्ही जरा बसून घ्या. ही थरकाठी. झाडाच्या खोडात वर्षाची वर्तुळं असतात ना, तसे या फळीत रोजचे थर असतात. कुठल्या दिवशी किती भार, कुणाच्या हाताचा, सगळं त्यात राहतं." तिने काठी उंचवट्यात रोवली आणि तळहातावरच्या पडद्याकडे बघत राहिली. बराच वेळ.

"कोणाचं आहे ते त्याच्यासमोर सांगू नका," केतकी म्हणाली.

"मला सांगा, तिला सांगू नका," मयुरेश म्हणाला.

"दोघांचंही नाहीये," स्वानंदी म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही फळी कापायच्या आधी ओली केली होती?"

"पुसली होती," केतकी म्हणाली. "नवी होती ना."

"आणि मग काकांनी दिवसभर तिच्यावर हात टेकत टेकत काम केलं. सकाळी थोडा भार, दुपारी जास्त, संध्याकाळी खूप. फळीने एवढंच पाहिलं. तिला स्क्रू माहीत नाहीत, दमणं माहीत नाही. तिने कल घेतला, की या घरातलं माणूस फार झपाट्याने खचतंय. म्हणून चार दिवस द्यायचे असतात. रोजचं उठणंबसणं बघून मग तिने ठरवायचं असतं."

मयुरेश पत्रकाकडे बघत होता. केतकी त्याच्याकडे.

"'घेऊ द्यावा,'" ती म्हणाली.

"कळलं."

"पुढे काका दर रविवारी रंध्याने त्याच जागी दाबत राहिले. तिच्या हिशेबी भार वाढतच चालला. वरून काकूंची पेज. ती बिचारी वाढेल नाही तर काय?"

मयुरेश मोठ्याने हसला. इतके आठवडे छातीवर ठेवलेलं ओझं त्याने असं खाली टाकलं की जिन्याच्या पोटात आवाज घुमला. "म्हणजे फळीचा अंदाजच चुकला. आम्ही ठणठणीत आहोत."

स्वानंदीने पडदा मिटला नाही. "होतात," ती म्हणाली.

"होतात?" केतकी म्हणाली.

"बाक आलं तेव्हा होतात. तुम्हा दोघांनाही उठायला हाताची गरज नव्हती. मग उंचवटा आला. समोर आहे, हाताच्या बेताचा आहे, गुळगुळीत आहे. आधी काका टेकले, मग काकू. रोज थोडं थोडं जास्त. हे नवे थर खरे आहेत, रंध्याचे नाहीत. हात जेवढं उचलतो तेवढं मांडीला उचलावं लागत नाही. मांडी आपलं काम विसरते. शरीरपण कल घेतंच ना, काकू. फळीच्या कितीतरी आधीपासून."

"थांब," केतकी म्हणाली. "म्हणजे आम्ही खचतोय असं समजून तिने आधार दिला. आणि आधार मिळाला म्हणून आम्ही खचलो."

"हो."

"मग तिचा अंदाज चुकला म्हणायचा की बरोबर आला?"

"हा प्रश्न आम्ही प्रयोगशाळेत रोज एकमेकांना विचारतो," स्वानंदी म्हणाली. "आम्ही आमच्या खात्यात त्याला 'उलटा कल' म्हणतो. फळी माणसाकडे झुकते आणि माणूस फळीकडे. कोण आधी झुकलं ते नंतर सांगता येत नाही. ज्या ज्या घरात गेले तिथे फळीचा अंदाज शेवटी खराच ठरलेला दिसतो. विकणारे खूश आहेत. म्हणतात, बघा किती अचूक."

"उपाय?"

तिने एक बरणी काढून दिली. निजलेप. ब्रशने लावला की तंतू कायमचे निजतात. मग उंचवटा तासून टाकायचा आणि आपल्या पायांवर उठायचं. "महिनाभर जड जाईल. धडपडाल, दोन-चारदा परत बसाल. पण येईल. तुमचं वय काही तसं नाही. फार उशीर मात्र करू नका."

मग तिने चहा घेतला, फळी किती छान कापलीये म्हणून मयुरेशचं मनापासून कौतुक केलं, बांगडीची युक्ती लिहून घेतली आणि निघाली. बाकावरून उठताना तिचा उजवा हात उंचवट्यावर गेला. तिच्या ते लक्षातही आलं नाही. त्या दोघांच्या आलं.

देखभाल

लेप लगेच लावायचा असं ठरलं आणि लगेच अडलं.

"शनिवारी रेवा येतेय," केतकी म्हणाली.

"येऊ दे की."

"महिनाभर धडपडाल, म्हणाली ना ती. रेवासमोर धडपडायचं?"

तो विचारात पडला. लेप लावला तर मुलीसमोर दोघं लटपटणार, आणि शब्द दिलेला. नाही लावला तर दोघं लोण्यासारखी उठणार. जे त्यांना दुबळं करत होतं तेच त्यांना या घरात ठेवणार होतं.

"रविवारी लावू," तो म्हणाला. "ती गेल्यावर."

रेवा आली. दिवसभर तिचं लक्ष त्यांच्या गुडघ्यांवर. पण आई बाकावरून उठली की एका लयीत, बाबा उठला की एका लयीत. तळवा जरा कडेला टेकल्यासारखा, तो तर कुणीही टेकवतं. संध्याकाळी रेवा स्वतः तासभर त्या गोल खिडकीशी बसली आणि उठताना म्हणाली, "काय मस्त आहे गं हे. मी उगाच काळजी करत होते. राहा तुम्ही इथेच." मयुरेशने तिला डब्यात शेव-चिवडा भरून दिला, जरुरीपेक्षा जास्त.

रविवारी पाहुणे आले. सोमवारी केतकीला कणकण वाटत होती. मग बागेत आळी करायची होती. बरणी खिडकीशी राहिली, तिच्यावर ऊन पडायचं आणि ती फार छान दिसायची. खरं सांगायचं तर ते दिवस सुखाचे होते. घर राहिलं होतं. उंचवट्याला आता बोटांच्या बेताने चार खाचा पडल्या होत्या.

आणि मग रेवाचा फोन आला. दोघं बाकावरच होते. केतकीने आवाज मोठा केला.

"आई, मी पण घेतली कलफळी. ओवीचं अभ्यासाचं टेबल, बैठकीसकट. बाल्कनीतल्या त्या तिरप्या जागेत बरोबर बसवलं. अगं, काय रुळलीये पोरगी त्यावर. आधी पाठ ताठ करून बसायची, सारखी चुळबुळ करायची. आता फळीने मागून पाठीला टेकू काढलाय, कोपरांना खळगे केलेत. तासन्‌तास हलत नाही जागची."

त्यांची नात ओवी सात वर्षांची होती.

केतकीने मयुरेशकडे पाहिलं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. उंचवटा, लेप, शनिवारचं ते लोण्यासारखं उठणं. आणि शब्द दिलेला होता. तिने फोनवर हात ठेवला. "घर जाईल," ती म्हणाली.

मयुरेशने खिडकीतून खाली पाहिलं. शहरात दिवे लागायला लागले होते. "सांग," तो म्हणाला.

तिने सांगितलं. ओलं फडकं, रंधा, पेज, उलटा कल, काही वगळलं नाही. मांडी काम विसरते इथपर्यंत आली आणि थांबली. "म्हणून म्हणते, ओवीचं टेबल काढ. तिची पाठ अजून घडतेय. आणि रेवा, आम्ही तुला फसवलं. आम्हाला उठायला आधार लागतो. दोघांनाही."

दोघंही सामान बांधायच्या तयारीने बसले होते.

"मग काय झालं?" रेवा म्हणाली.

"काय झालं म्हणजे?"

"लागला आधार, तर आहे ना तुमच्याजवळ. आणखी लागला तर ती आणखी वाढेल. आई, मला धास्ती कसली होती? की तुम्ही तिथे एकटे, काही झालं तर हात द्यायला कुणी नाही. आता आहे की. उलट मीच विचार करतेय, तुमच्या जिन्याच्या कठड्याला पण कलफळी बसवून टाकू. म्हणजे तुम्हाला इकडे यायलाच नको. मला पण इकडचं सगळं सोडून धावावं लागणार नाही."

"आणि ओवी?"

"ओवी खूश आहे गं. अभ्यास करतेय, पाठ दुखत नाही तिची. सगळ्यांच्याच घरी आहेत आता ही टेबलं. तू पण ना, आई. बरं, ठेवते. बाबाला सांग, चिवडा संपला."

फोन बंद झाला.

"घर राहिलं," मयुरेश म्हणाला.

"हो."

"मग आता लेप लावायला हरकत नाही. कुणाची भीतीच उरली नाही."

"नाही उरली," केतकी म्हणाली. "लावू या. आणि उद्या पुण्याला जाऊ. ओवीला जरा टेकडीवर पळवू."

"आज का नको? शेवटची बस मिळेल अजून."

आपलंच बोलणं त्याला एकदम पटलं. त्याने दोन्ही तळवे मांडीवर ठेवले, दात आवळले आणि उंचवट्याकडे न बघता, स्वतःच्या गुडघ्यांवर उठला. अर्ध्यावर लटपटला. खोलगट जागेने त्याला खाली ओढल्यासारखं केलं. पण तो उभा राहिला, घाम पुसला, जरा खूशही झाला. मग वळून त्याने केतकीपुढे हात केला, तरुणपणी एसटीतून उतरताना करायचा तसा.

"चल," तो म्हणाला.

पण तिचा तळवा आधीच उंचवट्यावर गेला होता, चारही बोटं आपापल्या खाचेत, आणि ती उठलीसुद्धा होती.